पेटी बघितलीस का?

बाबांनी शेवटचे अडीच महिने मला रोज एकच प्रश्न विचारला आणि मी रोज एकच उत्तर दिलं.

"पेटी बघितलीस का?"

"बघितली."

पेटी म्हणजे सिगार ठेवायची पेटी, ह्युमिडॉर. बाबा मर्चंट नेव्हीत इंजिनिअर होते. निवृत्तीच्या आधीच्या एका सफरीत त्यांनी हवानाहून २५ सिगार आणले. १४ ओढून झाले, मग बायपास झाली आणि ११ उरले. डॉक्टरांनी तंबाखू बंद करायला सांगितली, ती बाबांनी खरंच बंद केली. पण ते ११ सिगार फेकले नाहीत, कुणाला दिलेही नाहीत. नऊ वर्षं सांभाळले. एकदा मी चिडून म्हटलं, ओढायचे नाहीत तर एवढी उस्तवार कशाला? ते म्हणाले, "ओढायचे नाहीत म्हणून वाळू द्यायचे?"

मला तेव्हा तो नुसता हट्ट वाटला होता.

आणि उस्तवार खरोखर होती. सिगार वाळवलेल्या पानांचा असला तरी पार वाळलेला चालत नाही. भोवतालच्या हवेची सापेक्ष आर्द्रता ६५ ते ७० टक्क्यांच्या आसपास लागते. त्याच्या बरीच खाली गेली की पानातली सुगंधी तेलं उडायला लागतात, वरचं पान तडकतं, धूर गरम आणि तिखट होतो. वर गेली की सिगार फुगतो, ओढला जात नाही, बुरशी धरते. पेटीला आतून स्पॅनिश सीडरचं अस्तर असतं. नावात सीडर असलं तरी ते झाड आपल्या कडुनिंबाच्या कुळातलं. ते लाकूड ओलावा पिऊन ठेवतं आणि हळूहळू सोडतं. पण पुण्यात मार्च-एप्रिलच्या दुपारी हवेतली आर्द्रता विसेक टक्क्यांवर येते आणि जुलैत ऐंशीच्या वर जाते. म्हणजे काही महिने पेटीला पाणी पाजायचं आणि काही महिने तिच्यातलं काढून घ्यायचं.

बाबा फुलवाल्याकडचा हिरवा स्पंज कापून आत ठेवायचे. त्यात अर्धं डिस्टिल्ड वॉटर, अर्धं प्रॉपिलिन ग्लायकॉल. नळाचं पाणी चालत नाही, क्षार साचतात. उन्हाळ्यात वेगळीच भीती. तंबाखूला एक बारीक तपकिरी किडा लागतो (तोच आपल्या हळदीत आणि मिरचीतही सापडतो) आणि उकाड्यात त्याची अंडी फुटतात. म्हणून मार्च लागला की ११ सिगार प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून आधी फ्रीझरमध्ये मटारशेजारी जायचे, मग एक दिवस खाली फ्रिजमध्ये, मग पेटीत. आई बोलबोल बोलायची. बाबा तिला केनेडींची गोष्ट सांगायचे. फेब्रुवारी १९६२ मध्ये अध्यक्ष केनेडींनी त्यांचे प्रेस सेक्रेटरी पिएर सॅलिंजर यांना एका रात्रीत हजार क्यूबन सिगार गोळा करायला सांगितले. सॅलिंजरनी १,२०० आणले, तेव्हा कुठे केनेडींनी क्यूबाच्या मालावरच्या बंदीच्या कागदावर सही केली. सॅलिंजरनीच ही हकिकत पुढे लिहून ठेवली आहे. "कायदा कोरडा, पेटी ओली," असं म्हणून बाबा खूश व्हायचे.

मग फुप्फुसं गेली. फेब्रुवारीपासून बाबा आतल्या खोलीत ऑक्सिजनच्या नळीला जोडलेले आणि पेटी बाहेरच्या खोलीत कपाटावर. मध्ये फार तर १५ पावलं. ती त्यांना चालता येत नव्हती. त्यांना धाप लागत असताना तंबाखूची सेवा करायची, या कल्पनेनेच माझ्या डोक्यात तिडीक जायची. मी पेटी उघडलीच नाही. येता-जाता ती दिसायची. म्हणून "बघितली".

नरो वा कुंजरो वा, दुसरं काय. युधिष्ठिराचा रथ निदान युद्ध जिंकण्यासाठी जमिनीला टेकला. माझी वाचली ती दहा मिनिटं.

एप्रिलच्या शेवटी बाबा गेले. मैत्रिणीला सांगितलं तर ती म्हणाली, त्यांना बरं वाटलं ना, मग झालं. तुम्हीही कदाचित हेच म्हणाल. त्यांना कधी कळलं नाही, ते सिगार ते कधी ओढणारही नव्हते, मग नुकसान कुणाचं? दुसऱ्या टोकाला इमॅन्युएल कान्ट. १७९७ च्या निबंधात तो म्हणतो की दारात खुनी उभा असेल आणि तुमचा मित्र घरात लपलेला असेल, तरीही खोटं बोलू नये. मला हे कायम माणुसघाणं वाटत आलंय, आजही वाटतं. पण मैत्रिणीचं म्हणणंही गळी उतरत नाही. चालता-फिरता माणूस आपलं उत्तर ऐकून उठू शकतो, जाऊन झाकण उघडू शकतो. आपल्या खोट्याला त्याच्याकडे उतारा असतो. बाबांकडे नव्हता. त्या १५ पावलांपुरते त्यांचे डोळे म्हणजे मीच होते. त्यांना वाईट वाटलं की नाही, हा प्रश्नच नाही. मी त्यांना त्यांच्याच घरात आंधळं केलं, एवढं खरं.

मे महिन्यात पेटी उघडली. स्पंज खडखडीत. एक सिगार कानाशी धरून हलकेच दाबला तर वाळक्या पाचोळ्यासारखा वाजला. हायग्रोमीटर ३४ दाखवत होता, पण तो तरी खरा कशावरून? त्यासाठी मिठाची परीक्षा आहे. बाटलीच्या झाकणात चमचाभर मीठ घ्यायचं, पातळ न होता नुसतं ओलं होईल इतकंच पाणी घालायचं आणि झाकण व यंत्र एका घट्ट डब्यात रात्रभर बंद करायचं. आत आर्द्रता बरोबर ७५ टक्के होते. घरातलं साधं मीठ, पण हा आकडा सोडत नाही. सकाळी यंत्रावर ७१ होते. म्हणजे ते चाराने खोटं बोलतं, पण दर वेळी चारानेच. तेवढे मिळवले की काम भागतं.

वाळलेला सिगार एकदम ओला करता येत नाही. आतली पानं फुगतात आणि वरचं पान फाटतं. बोव्हेडा म्हणून मिठाच्या द्रावणाची पाकिटं मिळतात, ती ठरलेल्या आकड्याला ओलावा देतात आणि जास्त झाला तर ओढूनही घेतात. मी आधी ६२ ची ठेवली, तीन आठवड्यांनी ६५ ची, मग ६९ ची. तरी एका सिगारचं पान उकललंच. ऑगस्टपर्यंत बाकीचे दाबल्यावर पुन्हा मऊ लागायला लागले. आता बाबांनी विचारलं असतं तर "बघितली" हे खरं उत्तर झालं असतं. पण त्यांचं माझ्याकडे देणं दोन प्रकारचं होतं, एक ओलाव्याचं आणि एक खऱ्या उत्तराचं. पहिलं मी फेडत होते. दुसरं स्वीकारणारा माणूसच उरला नव्हता, आणि एकाची फेड दुसऱ्याच्या खात्यात जमा होत नाही, हे मला ती पाकिटं बदलताना दर वेळी जाणवायचं.

दिवाळीत बाबांचे जहाजावरचे मित्र आले. मी पेटी पुढे केली. तंबाखू पुढे करताना हात जरा अडखळला, तोही सांगायला हवा. त्यांनी एक सिगार निवडला, नाकाशी धरला, गॅलरीत जाऊन पेटवला आणि बराच वेळ काही बोलले नाहीत.

"मध्ये वाळले होते का गं?"

"हो काका. फेब्रुवारी ते मे. मी पाणी घातलं नव्हतं."

"त्याला माहीत होतं?"

"नाही. मी घातलं असं सांगत होते."

त्यांनी मान हलवली. राख चांगली बोटभर लांब होईपर्यंत झटकली नाही. मग म्हणाले, वास थोडा गेलाय, पण ओढ छान आहे, आणि शेवटपर्यंत ओढला.

पेटीत आता दहा आहेत. काल यंत्रावर ६३ होते, म्हणजे ६७.