नातीची गाडी

गेल्या उन्हाळ्याच्या सुटींत मीं माझ्या पांच वर्षांच्या नातीसाठीं विजेवर चालणारी एक लहानशी गाडी घरीं तयार केली. तत्त्वज्ञान शिकविणाऱ्या माणसानें पाना-पक्कड हातीं घ्यावी ही गोष्ट घरच्या मंडळींना विनोदाची वाटली, आणि ती तशी होतीही. परंतु त्या गाडीनें पुढें जो प्रश्न उभा केला तो विनोदाचा नव्हता. त्यापायीं एका थोर ग्रंथकाराशीं माझा तीस वर्षांचा स्नेह तुटण्याची वेळ आली.

गाडीचें वर्णन आधीं केलें पाहिजे. लोखंडी अँगलचा सांगाडा कर्जतच्या एका वेल्डरनें जोडून दिला. वरची पेटी जुन्या कपाटाच्या प्लायवुडची. खोपोलीच्या भंगारवाल्याकडून मोडींत निघालेल्या टेंपोची वायपरची मोटर मिळाली, आणि बारा व्होल्टांची बॅटरी संगणकाच्या यूपीएसमधून काढली. मोटर मिनिटाला सुमारें साठ फेरे घेते आणि चाकाचा व्यास पंचवीस सेंटिमीटर. तेव्हां गाडी ताशीं पावणेतीन किलोमीटर चालते, म्हणजे बाजारांतून भरली पिशवी घेऊन परतणाऱ्या माणसाची चाल. या मोटरीच्या पोटांत मळसूत्री दांते असतात. त्यामुळें मोटर चाकाला फिरवूं शकते, पण चाक मोटरीला फिरवूं शकत नाहीं. वीज तुटली कीं गाडी उतारावरही जागच्या जागीं खिळते. टाटांच्या विद्युत्केंद्रानें १९१५ सालीं लोणावळ्याच्या बाजूच्या तलावांचें पाणी सह्याद्रीवरून ज्या खोपोलीस उतरविलें आणि मुंबईच्या गिरण्यांना वीज पुरविली, त्याच खोपोलीच्या मोटरीवर आपली गाडी चालते याचा मला झालेला आनंद प्रमाणाबाहेरचा होता, हें कबूल करतों.

आमचें अंगण रस्त्याकडे उतरतें आहे आणि फाटकाबाहेर वाहनांची वर्दळ असते. म्हणून मीं गाडीला मागून पंधरा फूट लांब तार जोडली आणि तिच्या टोकाचें बटण माझ्या मुठींत ठेवलें. बटण दाबलें कीं वीज तुटे. नातीनें विचारलें तेव्हां मीं सांगितलें, "हें गाडीचं शेपूट." ती फाटकाजवळ पोंचली कीं मी बटण दाबीत असें व म्हणत असें, "गाडी दमली." मग ती उतरून गाडीच्या तोंडाशीं पाण्याचा पेला धरी. हें सर्व मला फार गोड वाटे.

रूसोनें १७६२ सालच्या 'एमिल' या ग्रंथांत हीच युक्ति सांगितली आहे. शिष्याला सदैव वाटावें कीं धनी आपणच आहों, आणि खरें धनीपण मात्र शिक्षकाकडे असावें; ज्या ताबेदारींत स्वातंत्र्याचा भास शाबूत राहतो तिच्याइतकी पुरी ताबेदारी दुसरी नाहीं, असें तो उघड म्हणतो. हा भाग मीं वर्गांत वर्षानुवर्षें कौतुकानें शिकविला. स्वतःचीं पांचही मुलें त्यानें अनाथालयांत पाठविलीं हें सांगून हंशाही मिळविला. पण तो वार व्यक्तीवर होता, विचाराला त्यानें ओरखडाही उठत नाहीं.

विचाराला धक्का बसला तो पांचव्या दिवशीं. नात गाडींत बसेना. तिच्या आईनें खोदून विचारलें तेव्हां म्हणाली, "मी फाटकाकडं बघितलं की गाडी रुसते. मी काहीतरी वाईट करते."

माझ्या बोटाचें कृत्य त्या मुलीनें आपला अपराध म्हणून पदरांत घेतलें होतें. तिला अडविणें चूक होतें असें मला आजही वाटत नाहीं. मिल्लनेंही १८५९ सालीं व्यक्तिस्वातंत्र्याचें तत्त्व मांडतांना लहान मुलांना त्यांतून स्पष्टपणें वगळलें आहे, आणि धावत्या ट्रकपुढें तत्त्वचर्चा करीत बसणारा आजोबा कोणाला नको. पण अडविणाऱ्या हातानें स्वतःला लपविलें कीं अडलेला जीव कारण शोधूं लागतो, आणि तें त्याला बहुधा स्वतःच्या ठायींच सांपडतें. मीं तिला रस्त्यापासून वांचविलें हें खरें; परंतु आपण काय केलें म्हणजे काय होतें, हें जाणण्याची तिची उमलती शक्तिच मीं बिघडवीत होतों. स्वातंत्र्याचा भास निदान सुख तरी देतो, हा रूसोचा आधार. तोही येथें टिकला नाहीं. आणि मोठ्या माणसांनाही अशीं शेपटें कोणी कोणी लावून ठेवलीं असतील, हा विचार त्या रात्रीं मला झोंप लागूं देईना.

दुसऱ्या दिवशीं तिला घेऊन कर्जत स्टेशनावर गेलों. पुण्याकडे जाणाऱ्या एका गाडीच्या मागें बँकर इंजिनें लागत होतीं. १८६३ सालीं खुल्या झालेल्या बोरघाटाची चढण सदतिसास एक अशी तीव्र आहे. म्हणून चढणाऱ्या बहुतेक गाड्यांना येथून मागून जोर लावतात व लोणावळ्यास तीं इंजिनें सोडतात. नातीनें विचारलें, "पुढच्या ड्रायव्हरला माहीत असतं का, मागून ढकलतात ते?"

"हो, त्याच्या माहितीनंच लावतात."

ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "आजोबा, शेपूट म्हणजे तुम्ही ना?"

मीं होय म्हणालों. बँकर ढकलतो आणि मी अडवीत होतों, तेव्हां दृष्टांत नीट जुळत नाहीं हें मला कळत होतें; परंतु ती वेळ तर्कशास्त्राची नव्हती. संध्याकाळपर्यंत ती माझ्याशीं बोलली नाहीं. स्टेशनावर घेतलेला वडापावही तिनें आईच्या हातून खाल्ला.

आतां ती पुन्हां गाडी चालविते. तार आहे, पण मीं बाजूनें, तिला दिसेल असें चालावयाचें आणि दाबण्यापूर्वीं "थांबवतो" असें म्हणावयाचें, ही तिची अट आहे. दोनदां मी विसरलों. दोन्ही वेळां तिनें गाडीवरून उतरून जाब विचारला. तार कधीं कापणार, हा तिचा पुढचा प्रश्न. मीं सातवें वर्ष सांगितलें. तिची आई दहावें म्हणते. नातीनें सहावें धरलें असून तिचा वाढदिवस माघांत येतो.