विद्येची किंमत आणि विद्येचे ऋण

इंडियानापोलिस येथे स्थायिक झालेल्या एका मराठी कुटुंबात मी पाहुणा असताना, विद्युत् अभियांत्रिकीच्या पदवीसाठी दोन ठिकाणी प्रवेश मिळालेल्या मुलाच्या वडिलांनी, रात्रीची जेवणे आटोपल्यावर, वहीचे पान उभ्या रेघेने दुभागून जमाखर्च मांडला : एकीकडे पर्ड्यू विद्यापीठ, जेथे इंडियानाच्या रहिवाशांचे वार्षिक शुल्क २०१२ पासून ९,९९२ डॉलरांवर कायम आहे, दुसरीकडे एम्. आय्. टी., जिचे २०२४-२५ सालचे जाहीर शुल्क ६१,९९० डॉलर होते. आर्थिक साहाय्याने हा आकडा पुष्कळांच्या बाबतीत खाली येतो, परंतु साहाय्य न मिळाल्यास चार वर्षांची तफावत दोन लाख डॉलरांवर जाते. मुलाची आई बराच वेळ पानाकडे पाहत राहिली आणि म्हणाली, “अहो, पण मॅक्सवेलची ती विजेची समीकरणं तर दोन्हीकडे तीच ना?”

हा प्रश्न केवळ हिशेबाचा नव्हे. तो धर्माचा आहे. कालिदासाच्या रघुवंशात, सेवा हीच दक्षिणा मानणाऱ्या वरतंतूपाशी शिष्य कौत्साने दक्षिणा मागण्याचा पुनःपुन्हा आग्रह धरला, तेव्हा रुष्ट झालेल्या गुरूने चौदा विद्यांपोटी चौदा कोटी मागितले. ते मागण्यास कौत्स रघुराजाकडे गेला, आणि यज्ञात सर्वस्व देऊन मृत्पात्रावर आलेल्या त्या राजाच्या कोशागारात कुबेराने सुवर्णवृष्टी केली, तरी कौत्साने गुरूच्या देण्याहून एक कवडीही अधिक उचलली नाही. विद्या विकली जात नव्हती, पण तिचा भार कोणीतरी वाहतच होते.

अमेरिकेतही हेच दिसते. स्वतः जेमतेम वर्षभर शाळेत गेलेल्या पीटर कूपरने १८५९ साली न्यूयॉर्कमध्ये स्थापिलेल्या कूपर युनियन या महाविद्यालयात विद्यार्थी शतकाहून अधिक काळ विनाशुल्क शिकले, कारण क्रायस्लर बिल्डिंगखालच्या जमिनीचे भाडे त्या संस्थेच्या खजिन्यात येत होते. तो खजिनाही अपुरा पडला, आणि २०१४ पासून तेथे शुल्क सुरू झाले.

तेव्हा किंमत कोणी ना कोणी मोजतोच. मूल्याचा निवाडा मात्र निराळ्या ठिकाणी होतो. आपल्या परंपरेने मनुष्य जन्मतःच ऋषिऋण घेऊन येतो असे मानले आणि ते फेडण्याचा मार्ग अध्ययन व अध्यापन हाच सांगितला. बँकेचे कर्ज हप्त्यांनी फिटते. हे ऋण मात्र, मिळालेले ज्ञान दुसऱ्याच्या हाती दिल्यावाचून फिटत नाही. म्हणून ज्या पदवीचे कर्ज तारुण्याची सारी वर्षे गिळून टाकते आणि कोणाला शिकविण्यास वा स्वतःच्या इच्छेचे संशोधन करण्यास सवड उरू देत नाही, ती पदवी कितीही नामांकित असो, तिने एका ऋणासाठी दुसरे बुडविले असेच म्हणावे लागेल.

पालकांनी वहीत दोन रकाने अवश्य मांडावेत, परंतु तिसराही मांडावा : हे देणे फेडून झाल्यावर आपल्या मुलाजवळ देण्यासारखे काय उरेल? निर्णय त्या रकान्यावरून करावा.