आधी नीट बघा

नाशिकच्या गोदाघाटावर आता उजाडतंय. रामकुंडाच्या पायऱ्यांवर मांडीवर पॅड घेऊन बसलेली चित्रकलेची मुलं तुम्ही पाहिली असतील. समोर फुलं विकणारी आजी. एखादा मुलगा तिचं नाक काढतो, डोळे काढतो. सगळं मापात बसतं, तरी चेहरा मुका राहतो. मग शिकवणारे सांगतात, पेन्सिल खाली ठेव. आधी नीट बघ.

नीट बघितलं की कळतं, दुःख नुसतं डोळ्यांत नसतं. ते भुवईच्या आतल्या टोकाशी असतं, ओठांच्या कोपऱ्यात असतं. मनापासून हसू आलं की गाल वर चढतात, डोळ्यांच्या कडेला बारीक सुरकुत्या पडतात.

सावंतवाडीच्या चित्रकार सावळाराम हळदणकरांनी स्वतःच्या मुलीलाच हातात दिवा देऊन उभं केलं. बोटांआडून आलेला उजेड तिच्या चेहऱ्यावर पडला. त्यांनी काढलेलं तिचं जलरंगातलं चित्र आज म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यात आहे. पुष्कळांना ते राजा रविवर्म्याचं वाटतं. म्हणून आवर्जून सांगते, ते हळदणकरांचं आहे. एका बापाने आपल्या लेकीकडे नीट बघितलं होतं.

आपण घरातल्यांकडे असं बघतो का? 'कशी आहेस?' विचारतो आणि उत्तर येण्याआधी फोनकडे वळतो. ती 'बरी आहे' म्हणते. भुवई वेगळंच सांगत असते. माणसाशी नीट वागायचं, तर आधी त्याच्याकडे नीट बघावं लागतं.

आज चहाचा कप घेताना, तो देणाऱ्याच्या चेहऱ्याकडे बघा. काही वेगळं दिसलं, तर शेजारी बसा. विचारा, काय झालं?