आधीं संकल्प, मग कौल

कार्यारंभीं ईश्वराचें स्मरण करावें, हा आपल्या घरोघरचा परिपाठ आहे. पत्राच्या माथ्यावर ‘श्री’, लग्नापूर्वीं मुहूर्त, प्रस्थान ठेवतांना देवापुढें सुपारी. परंतु या प्रसंगीं आपण देवाला नेमकें काय विचारतों, याचा विचार क्वचितच होतो.

ग्रीक इतिहासकार झेनोफन यानें ‘अनाबासिस’ या ग्रंथांत स्वतःचीच एक गोष्ट सांगितली आहे. इराणचा राजपुत्र सायरस याच्याकडे ये, असें प्रॉक्सेनस नामक मित्रानें त्याला कळविलें. झेनोफननें सॉक्रेटिसाचा सल्ला घेतला. सायरसानें अथेन्सविरुद्ध स्पार्टाला साह्य केलेलें असल्यामुळें अथेन्सकरांचा रोष होईल, अशी सॉक्रेटिसाला शंका आली. म्हणून डेल्फीस जाऊन अपोलोचा कौल घेण्यास त्यानें सांगितलें. झेनोफन गेला, पण त्यानें विचारलें तें हें, कीं मनांत योजलेला प्रवास सुखरूप व्हावा म्हणून कोणत्या देवांना बळी अर्पावे? देवानें नांवें सांगितलीं. सॉक्रेटिसानें मात्र त्याला दोष दिला. जावें कीं राहावें, हा पहिला प्रश्न त्यानें स्वतःच निकालांत काढला होता. देवाकडे उरली होती ती केवळ वाट सुकर करण्याची कामगिरी.

आपणही या झेनोफनचेच भाऊबंद आहों. सोयरीक हुंड्याच्या आंकड्यावर ठरते, आणि देवाला विचारावयाचें तें केवळ केव्हां. कोंकणांत देवाच्या मूर्तीला फुलें वा पाकळ्या लावून कौल घेतात. उजवी पडली कीं डावी, यावर होकार-नकार ठरतो. त्या रीतीवर आपण सुशिक्षित लोक हंसतों. परंतु तिच्यांत एक गोष्ट आहे, जी आमच्या पूजेंत नसते: तेथें देवाला ‘नाहीं’ म्हणण्यास जागा ठेवलेली असते.

हें मी परोपदेशाच्या भूमिकेवरून लिहीत नाहीं. वडिलोपार्जित घरांतील माझा वांटा मीं विकला, तेव्हां त्या घरांत माझी विधवा आत्या राहत होती. कागद झाले, पैसे आले, आणि मीं मोठ्या भक्तीनें सत्यनारायण केला. आत्या प्रसादाला आली आणि कांहीं न बोलतां परत गेली. विक्रीच्या आधींच्या रात्रीं देवापुढें दोन घटका बसलों असतों, तर तिचा चेहरा मला दिसलाच असता. कदाचित् म्हणूनच मी बसलों नाहीं.

कोणी म्हणेल, देव बोलतो याला प्रमाण काय? आणि ‘ईश्वराची इच्छा’ म्हणून जगांत अनर्थ कां थोडे झाले? आक्षेप खरा आहे. अमेरिकेच्या यादवी युद्धांत, १८६२ सालीं, लिंकननें स्वतःपुरतें एक टिपण लिहिलें. त्याचा आशय असा, कीं दोन्ही पक्ष ईश्वरेच्छेनें वागत असल्याचें सांगतात; दोघेही चुकत असतील, एक तर नक्कीच चुकत आहे. त्यानें तो पक्ष आपलाही असूं शकेल, ही शक्यता वगळली नाहीं. माझ्या मतें खरी कसोटी हीच. जो आंतला आवाज सदैव आपल्याच सोयीचें बोलतो, तो बहुधा आपलाच असतो. देव बोलो वा न बोलो, प्रामाणिकपणें विचारणाऱ्याला आपला संकल्प क्षणभर तरी हातांतून खालीं ठेवावा लागतो. आणि झांकलेलें पुष्कळ कांहीं त्या क्षणीं दिसूं लागतें.

महाभारतांत दुर्योधन आणि अर्जुन एकाच दारीं गेले. एकाला आपल्या बेतासाठीं सैन्य हवें होतें, तें मिळालें. दुसऱ्यानें निःशस्त्र सारथी मागितला, आणि म्हणूनच ऐन रणांगणावर रथ थांबवून विचारण्यास त्याला कोणीतरी होतें. आपणांपैकीं बहुतेकजण सैन्य मागतों, आणि त्यालाच भक्ति म्हणतों.