काचबिंदू झालेला म्हातारा कुत्रा आणि अहिंसा
काचबिंदूत कुत्र्याच्या डोळ्यातला दाब वाढतो. निरोगी डोळ्यात तो साधारण १० ते २५ मिलिमीटर पारा असतो; फार चढला की नजर जाते, ठणका मात्र उरतो. थेंबांनी दाब आटोक्यात येईना, तर पशुवैद्य डोळाच काढायला सुचवतात. मुक्या जिवाच्या संमतीशिवाय त्याच्यावर शस्त्र चालवणे ही हिंसा ठरते का?

पांजरपोळांमागची जैन धारणा जनावराला शेवटच्या श्वासापर्यंत सांभाळण्याची. याउलट १९२८ साली साबरमती आश्रमात असाध्य वेदनांनी तळमळणाऱ्या वासराला गांधीजींनी विषाचे इंजेक्शन देवविले. त्यावर बरेच काहूर उठले. शल्यवैद्याची सुरी हिंसक नसते, हा त्यांच्या समर्थनातला एक धागा. पण कुत्र्याला वासराचा न्याय सरसकट लावणे घाईचे ठरेल. डोळा काढल्यावर त्याचा ठणका थांबतो, आणि नाकाच्या भरवशावर तो ओळखीच्या घरात बिनधोक वावरतो. स्वर्गाच्या दारातही कुत्र्याला न सोडणाऱ्या युधिष्ठिराची कथा इथे हमखास सांगितली जाते. ती साथ न सोडण्याविषयी बोलते, वेदनेविषयी नाही. हृदय किंवा मूत्रपिंडे भूल सोसण्याजोगी नसतील आणि औषधांनीही ठणका शमत नसेल, तरच वासराचा प्रश्न खऱ्या अर्थाने समोर येतो.