कमी पडलेला वेळू

गेल्या वर्षी नूर इनायत खान हिच्या काही जातककथा मुलांसाठी मराठीत आणत होते. शेजारी पाली जातकांचे भाषांतरही उघडून ठेवले होते, ताडून पाहायला. महाकपि जातकात एक तपशील आहे. राजाच्या तिरंदाजांनी वेढलेल्या वानरांना गंगेपार न्यायचे म्हणून वानरराज वेळू तोडतो. एवढा झाडाला बांधण्यात जाईल, एवढा अधांतरी राहील, असे मोजतो. पण स्वतःच्या कमरेला गुंडाळायचा भाग मोजायला विसरतो. वेळू तेवढाच कमी पडतो. मग तो हातांनी झाडाची फांदी धरतो आणि उरलेले अंतर स्वतःच्या शरीराने भरून काढतो. वानर त्याच्या पाठीवरून पलीकडे जातात.

बोधिसत्त्वाचाही हिशेब चुकतो, हे वाचून मी थांबले. कारण ज्या बाईचे पुस्तक मी भाषांतरित करत होते, तिच्याही आयुष्यात अशीच एक चूक आहे. आणि ती मला आजवर नीट भाषांतरित करता आलेली नाही.

नूरचे वडील सूफी गायक-गुरू हजरत इनायत खान. त्यांचा जन्म १८८२चा, बडोद्यात, सयाजीरावांच्या संगीतशाळेचे मौलाबक्ष यांच्या घरातला. ते त्यांचे आजोबा. आई अमेरिकन. नूर मॉस्कोत जन्मली, पॅरिसजवळच्या सुरेन गावात वाढली, संगीत आणि बालमानसशास्त्र शिकली, मुलांसाठी गोष्टी लिहू लागली. वीस जातककथांचे तिचे इंग्रजी पुस्तक १९३९ साली लंडनमध्ये निघाले. पुढच्या वर्षी जर्मन फौजा पॅरिसच्या दाराशी आल्या, तेव्हा ती आणि तिचा भाऊ विलायत यांच्यापुढे प्रश्न उभा राहिला: अहिंसा मानणाऱ्याने आता काय करायचे? त्यांनी ठरवले, मारायचे नाही, पण जिथे धोका सर्वांत जास्त तिथे उभे राहायचे. इंग्लंडला पोचल्यावर ती बिनतारी संदेशांचे काम शिकली. हिंदुस्थानच्या स्वातंत्र्याला आपला पाठिंबा असेल, हे तिने ब्रिटिश अधिकाऱ्यांपुढे मुलाखतीत लपवले नाही. आणि अशा बाईला हेरगिरीसाठी निवडले गेले.

प्रशिक्षकांना शंका होतीच. गुप्ततेचा भाग तिला आवडत नाही, तिचा स्वभाव या कामाचा नाही, असे शेरे तिच्या नोंदीत आहेत. कूटलिपीचे काम पाहणारा लिओ मार्क्स याने आठवणींत लिहिले आहे, की त्याने तिची जातके वाचली आणि त्याच्या लक्षात आले, हिला खोटे बोलता येणार नाही. म्हणून त्याने तिच्यासाठी वेगळी खूण ठरवली. पकडली गेलीस तर अठरा अक्षरी कळ वापर, बाकी काही बदलू नकोस. म्हणजे धोका कळवायला तिला शब्दाने खोटे बोलावे लागणार नव्हते. आपल्याकडे धर्मराजाचा रथ एका अर्धसत्याने जमिनीवर आला. इथे एक माणूस दुसऱ्याचा रथ जमिनीला टेकू नये म्हणून युक्ती शोधतो आहे. युद्धाच्या कचेरीत ही गोष्ट घडली, याचे मला अजून नवल वाटते.

१९४३च्या जूनमध्ये रात्रीच्या विमानाने ती फ्रान्समध्ये उतरली. व्याप्त फ्रान्समध्ये पाठवलेली ती पहिली स्त्री रेडिओ-चालक. आठवड्याभरातच तिच्या जाळ्यातली माणसे एकामागून एक पकडली जाऊ लागली. लंडनने परत ये म्हटले. पॅरिसशी दुवा तुटेल म्हणून ती आली नाही. जड पेटी घेऊन, घरे बदलत, ती ऑक्टोबरपर्यंत संदेश पाठवत राहिली. मग कुणीतरी पैशासाठी तिला विकले. कैदेत तिने दोनदा निसटण्याचा प्रयत्न केला. पुन्हा पळणार नाही असे लिहून द्यायला नकार दिला, म्हणून जर्मनीत दहा महिने साखळदंडात ठेवली गेली. १३ सप्टेंबर १९४४ला डाखाऊच्या छळछावणीत तिला ठार केले.

आता ती चूक. तिच्याबरोबर एक वही सापडली. पाठवलेला प्रत्येक संदेश तिने मूळ आणि कूट अशा दोन्ही रूपांत त्यात उतरून ठेवला होता. इतिहासकार एक कारण सुचवतात: संदेश ‘फाइल’ करताना फार काळजी घे, असे तिच्या आदेशात होते. बातमीदार बातमी फाइल करतो म्हणजे पाठवतो. कारकून फाइल करतो म्हणजे जपून ठेवतो. तिने दुसरा अर्थ घेतला. त्या वहीच्या आधारे जर्मनांनी तिच्या नावाने लंडनशी बोलणे चालू ठेवले. तिच्या अटकेची खबर लंडनला पोचली होती. तिथल्या वरिष्ठांनी ती खरी मानली नाही. फेब्रुवारी १९४४च्या अखेरीस या खोट्या संदेशांवर विसंबून तीन जणांना पॅराशूटने उतरवले गेले. खाली जर्मन वाट पाहत होते. त्या तिघांत मादलेन दामरमाँ होती. डाखाऊमध्ये त्याच दिवशी नूरबरोबर मारल्या गेलेल्या तीन स्त्रियांपैकी ती एक.

नूरवर बोलताना बहुतेक जण हा भाग गाळतात. काही जण फक्त एवढाच भाग सांगतात आणि तिला भाबडी ठरवतात. दोन्ही भाषांतरे सदोष आहेत. पहिल्यात दामरमाँ नाहीशी होते, दुसऱ्यात नूर.

मराठीत चूक, दोष आणि अपराध हे तीन वेगळे शब्द आहेत, हे बरे आहे. वाट चुकते, तेव्हा आपण वाटसरूला दोषी म्हणत नाही. अपराध त्या छावणीचा. दोष, माझ्या मते, खबर हाती असून न ऐकणाऱ्या लंडनच्या कचेरीचा. चूक नूरची. चूक लहान शब्द आहे म्हणून तिचे परिणाम लहान होत नाहीत, आणि परिणाम मोठे म्हणून चुकीचा अपराध होत नाही.

मग वंदनीय काय उरते? तिचे यश म्हणावे, तर ते चार महिन्यांचे. पावित्र्य म्हणावे, तर तिची वही दुसऱ्यांच्या मरणात सामील आहे. मला वाटते, उरते ते हे: आपण या कामासाठी घडलेलो नाही हे इतरांनी सांगूनही ती गेली, परतीची वाट उघडी असताना थांबली, आणि पकडल्यावर तिने सहकाऱ्यांची माहिती दिली नाही, हे तिला पकडणाऱ्यांनीच युद्धानंतर मान्य केले. आपल्या उणिवेसकट ती तिथे उभी राहिली. निर्दोष माणसेच आदराला पात्र असती, तर आदर हा शब्द पुराणांपुरताच राहिला असता.

वानरराजाची उपमा तिला पुरती लागू होत नाही, हेही कबूल करायला हवे. त्याची कमी पडलेली लांबी त्याने एकट्याने भरली. नूरची उणीव भरायला दामरमाँचे शरीरही गेले, आणि तिला कुणी विचारले नव्हते.

माझे पुस्तक छापायला जाण्याआधी मी लेखिकेच्या परिचयात चार ओळी वाढवल्या. वहीबद्दल दोन, दामरमाँबद्दल दोन. मुलांच्या पुस्तकात हे कशाला, असे प्रकाशकांनी विचारले. मी म्हटले, वेळू कमी पडला हे गोष्टीतही आहेच की.