‘आम्ही’ म्हणजे नेमकं कोण?

नाशिकच्या विसर्जन मिरवणुकीत मी नाचतो ती भगवानदादांची स्टेप. कुणी शिकवली नाही, बघून आली. पाय फारसे उचलायचे नाहीत, हात डोलवायचे. नाच न येणाऱ्यालाही जमते.

१९५१च्या ‘अलबेला’ने हा नाच घरोघरी पोचवला. संगीत पुणतांब्याच्या सी. रामचंद्रांचं. त्यात जॅझचा रंग आला तो मुंबईच्या हॉटेलांत वाजवणाऱ्या गोव्याच्या वादकांमुळे. ट्रम्पेटवाला चिक चॉकलेट, म्हणजे अँटोनियो झेवियर वाझ, त्यांच्यातलाच; ‘अलबेला’त तो बँडसकट पडद्यावरही दिसतो. पण हिंदी गाण्यांना साज चढवणाऱ्या अशा कितीतरी गोवेकरांची नावं श्रेयनामावलीत आलीच नाहीत.

हे कळलं तेव्हा मला माझाच एक डेमो आठवला. ज्युनियरने दोन रात्री जागून शोधलेला बग ‘आम्ही सोडवला’ असं मी सांगितलं होतं. कोडच्या इतिहासात तिचं नाव होतं. पण मीटिंगमध्ये तो कोण उघडून बघतो?

कला सगळ्यांची असते, असं आपण सहज म्हणतो. ती स्टेप खरंच सगळ्यांची झाली, तरी भगवानदादांचं नाव तिला चिकटून राहिलं. नाव घेऊन आपलं मानणं वेगळं, नाव गाळून आपलं म्हणणं वेगळं. ‘आम्ही’ हा शब्द दोन्हीकडे चालतो, हीच त्याची अडचण.

पुढच्या मीटिंगमध्ये त्याच लोकांसमोर मी तिचं नाव घेतलं. दहा सेकंद लागले. आधीही तेवढेच लागले असते.